सत्यशीलाताईला खांदा दिला

चाकण

ती. आईस,
तुझ्या सिंधूचा पाया पडून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर रडू आलं असतं म्हणून लिहितेय. वहिनीकडून वाचून घे.

आमची सत्यशीलाताई गेली. कारखान्यात वेल्डिंगला लागलेली ती पहिली बाई. तेव्हा तिथं बायकांना संडास नव्हता, म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. त्यातच किडन्या खराब झाल्या. आम्ही पोरी लागलो तेव्हा ती आम्हाला घेऊन साहेबांकडे गेली. म्हणाली, "संडास बांधल्याबिगर आमी कुनीच कामाला हात लावनार न्हाई." मग बांधला. तिच्यासाठी मात्र उशीर झाला होता.

तिला मूलबाळ नव्हतं. तिचा दीर म्हणाला, "बाया कुठं खांदा देत्यात व्हय?" आम्ही ऐकलं नाही. आम्ही चौघींनीच तिला उचललं. फार हलकी झाली होती गं.

काल शेवगावची एक पोरगी नवीन आली. एवढ्या पुरुषांत बावरली होती. तिला आमच्यात जेवायला बसवलं. ताईसारखं हसवायला काही जमलं नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? शेळी व्याली का?

आणि एक कळव. तुम्ही ऊसतोडीला होता आणि फडातच माझा जन्म झाला, तेव्हा तुझ्याजवळ कोण बाई होती? तिचं नाव, गाव सांग. ती अजून हयात असेल तर दिवाळीत आपण दोघी तिच्याकडे जाऊन येऊ.

तुझीच,
सिंधू