सत्यशीलेच्या नावाने कोणी शब्द देऊ नये

मी, डॉक्टर काकासाहेब कारभारी तुवर, वय सत्त्याहत्तर, धंदा दवाखाना, राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या जन्माच्या वेळचा अहमदनगर), आज घरच्या ओट्यावर खुर्ची टाकून, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. नशापाणी कधी केले नाही, सकाळचा चहा तेवढा झाला आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला भिंगारचे माझे मित्र डॉ. हेमचंद्र मुळे यांनी तपासून दिला, तो सोबत जोडला आहे. जन्मभर असे दाखले मी दुसऱ्यांना देत आलो. स्वतःचा घेताना जरा लाजलो.

माझी मालमत्ता एवढी नाही की तिच्यासाठी मृत्युपत्र करावे. हा कागद माझी लेक डॉ. सत्यशीला हिच्यासाठी आहे. ती बरीच वर्षे स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्रातल्या एका छोट्या बेटावर राहते. त्या बेटावर ती एकटीच डॉक्टर आहे. मी गेल्यावर तिला कोणी माझ्या नावाने शब्दात अडकवून नेवाशाला ओढून आणू नये, एवढ्यासाठी हे लिहिणे. बाकीची कलमे वाटेत लागतात म्हणून आली आहेत.

कलम पहिले. राहते घर माझी पत्नी रंगुबाई हिचे. तिच्यानंतर मुलगा श्रीमंत याचे. स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठा हॉल काढायचा श्रीमंतचा बेत मला माहीत आहे. आई आहे तोवर त्या भिंतीला हात लावू नये.

कलम दुसरे. शेत आणि विहीर श्रीमंतची. ऊस लावायचा की कांदा, त्याचे त्याने पाहावे, मला स्वप्नात येऊन विचारू नये. याच विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून मी दोन्ही लेकरांना पोहायला शिकवले. श्रीमंत काठ सोडीना आणि सत्या काठाला येईना. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नात संस्कृती हिच्या शिक्षणाला. तिने डॉक्टर व्हावे अशी अट नाही, होऊ नये अशीही नाही.

कलम तिसरे. दवाखाना, जागेसकट, डॉ. अनन्या हिला. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून इतकी वर्षे पेशंट पाहते आहे, आणि माझे अक्षर वाचू शकणारी ती एकटीच आहे. लिंबाखालचा बाक मात्र तिने काढू नये. पेशंटला निम्मे बरे त्या बाकावरच वाटते.

याच कलमावरून माझे मेहुणे जालिंदर औटी, मुक्काम पारनेर, माझ्यावर नाराज आहेत. मागच्या महिन्यात चहा पिता पिता ते म्हणाले, "दाजी, दवाखाना परक्याच्या नावावर करताय? आपली सत्या हाय ना! पोरगी शिकली हितल्या पान्यावर आन् औषिद देती तिकडं गोऱ्या कोळ्यांना. तुमी एक शब्द टाका, लगीच येती का न्हाई बघा."

जालिंदर, ती येईल हे मला माहीत आहे. म्हणूनच मी शब्द टाकत नाही.

आणि ती तिकडे गेली यात माझाच हात आहे. पूर्वी प्रवरेला पूर आला, पूल पाण्याखाली गेला की पलीकडची माणसे मला न्यायला गुऱ्हाळाची काहील घेऊन येत. गूळ शिजवायची ती भली मोठी कढई पाण्यात भोवऱ्यासारखी फिरे. मी आत बसून डोळे मिटून घेई. एकदा सत्या माझ्या आधीच आत जाऊन बसली आणि उतरेचना. रंगुबाई काठावरून आम्हा दोघांना शिव्या देत होती. पलीकडे एका अडलेल्या बाईची सुटका झाली, ती सत्याने दाराआडून पाहिली. परत येताना काहील गरगरत होती आणि पोरगी हसत होती.

कलम चौथे. स्टेथोस्कोप कोणाला द्यावा असा घरात विचार चालला होता. सत्या फोनवर म्हणाली, "आप्पा, त्यातून आता फक्त तुम्हालाच ऐकू येतं." तेव्हा तो माझ्याबरोबर जाळावा. घरातले, शेतातले काही नको असे तिने स्वतः कळवले आहे. तिला मी जे देतो ते पुढे सहाव्या कलमात आहे.

कलम पाचवे. हे कलम कायद्याला लागत नाही, पण वकिलांनी ते काढू नये.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी आणि रंगुबाई तिच्याकडे जाऊन आलो. त्याआधी मी समुद्र पाहिला होता तो मुंबईला, भेळ खाताना. तो समुद्र आणि हा समुद्र एकाच घराण्यातले असतील असे वाटत नाही. बेटावर झाड म्हणून नाही. दगडी घरे, मेंढ्या, वारा आणि चहूकडे पाणी. सकाळी दार उघडले की उंबऱ्यावर कोणीतरी मासे ठेवून गेलेले असे, कोणी ते कळायचे नाही. आमच्या माळकरी रंगुबाईने पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला. चौथ्या दिवशी ती ते मासे स्वतः उचलून आत ठेवू लागली. म्हणाली, "प्रेमानं दिल्यात, भायेर कसं ठिवायचं?"

एका सकाळी फोन आला. शेजारच्या त्याहून लहान बेटावर एका शेतकऱ्याच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडेना. सत्याने चहा अर्धा टाकला, पेटी पाठीला बांधली आणि निघाली. मी काठी टेकत मागे गेलो.

धक्क्यावर लाटा आदळत होत्या आणि पाणी आमच्या डोक्यावरून उडत होते. खाली बोट होती. एका क्षणी ती धक्क्याच्या बरोबरीने वर येई, दुसऱ्या क्षणी इतकी खोल जाई की आतली माणसे लहान दिसत. सत्या कडेला उभी राहून बोटीकडे पाहत होती. मी ओरडलो, "सत्या, नको!" वाऱ्यात माझे मलाच ऐकू आले नाही. बोट वर आली आणि तिने पाऊल टाकले, आपल्या घरचा उंबरा ओलांडावा तसे. बोट निघाली. लाटेआड गेली की संपलीच वाटे, मग पुन्हा दिसे. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने माझा दंड धरला आणि काहीतरी सांगितले. तिचे इंग्रजी मला समजले नाही. 'आमची डॉक्टर' एवढे समजले.

दुपारी बोट परतली. सत्या खाली बसलेली होती, तिच्या मांडीला टेकून बाळंतीण, आणि वाटेत बोटीतच जन्मलेले, नारिंगी कोटात गुंडाळलेले मूल. धक्क्यावर सारे बेट जमले होते. मुलाचे रडणे ऐकू आले तेव्हा एका कोळ्याने डोक्यावरची टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली. रंगुबाई पुढे झाली. तिने बाळंतिणीवरून आणि सत्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली. त्या लोकांनी असले काही जन्मात पाहिले नसेल, पण कोणी हसले नाही. किती बाळंतपणे केली याचा हिशेब मी कधी ठेवला नाही, तरी त्या दिवशी मला वाटले की माणूस जन्माला येतो म्हणजे काय ते मी आज पाहिले. ही एवढी मोठी बाई माझ्या घरात वाढली, आणि मला पत्ता नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी तिला विचारले, "परत यावंसं वाटतं का गं?" ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही म्हणाल तर येते." ते ऐकून मी हातातला घास ताटात ठेवला. कारण असा दुसऱ्याच्या शब्दावर मुक्काम ठरवणारा माणूस मी रोज आरशात पाहतो.

कलम सहावे. हे नीट वाचावे, सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे.

माझे वडील कारभारी तुवर वारले तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. मॉरिशसच्या बाजूच्या एका लहान बेटावर सरकारी डॉक्टर हवा होता. माझी निवड झाली होती, पासपोर्ट आला होता. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. वडिलांचा जीव कशात अडकला, याची कुजबुज सुरू झाली. कोणी शेताचे नाव घेतले, कोणी माझ्या लग्नाचे. शेवटी माझे चुलते म्हातारबा तात्या पिंडाजवळ हात जोडून ओरडले, "कारभारी, ऐक! तुझा काकासाहेब कुठं बी जायाचा न्हाई! हितंच नेवाशात दवाखाना टाकील! ये बाबा, शिव आता!" आणि कावळा आला. घाटावर बाया रडल्या. मी पासपोर्ट पेटीत ठेवला. कोणी मला विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही. वडील बोलले होते ना.

सत्याच्या बेटावर, त्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी, मी धक्क्याच्या भिंतीवर पोळीचे तुकडे मांडून बसलो होतो. समुद्रपक्षी वर घिरट्या घालत होते, उतरत नव्हते. सत्या म्हणाली, "आप्पा, हातातली काठी खाली ठेवा." मी ठेवली. सगळे पक्षी उतरले.

मला वडिलांचा दहावा आठवला. त्या दिवशी घाटावर तात्या कुत्री हाकलायला काठी घेऊन पिंडाशेजारी उभे होते. हात जोडण्यासाठी त्यांनी ती खाली टाकली. कावळा तेवढ्याचीच वाट पाहत होता.

मला राग आला. मग हसू आले. तात्यांनी काठी आधी टाकली असती तर मी त्या बेटावर गेलो असतो. मग रंगुबाई नाही, श्रीमंत नाही, पुराच्या पाण्यातली काहील नाही, आणि आदल्या दिवशी बोटीत पाऊल टाकणारी ही लेकही नाही. मिळाले त्यातले मला काही परत करायचे नाही. पण मला मिळाले ते नशिबाने. सत्याचे नशीब कोणाच्या काठीवर सोपवायला मी तयार नाही.

म्हणून लिहितो. माझ्या दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणे नकोत. पिंड ठेवल्यावर सर्वांनी लांब व्हावे, हातात काठी, छत्री काही धरू नये आणि गप्प बसावे. कावळा आला नाही तरी सत्यशीलेच्या नावाने, दवाखान्याच्या नावाने, माझ्या नावाने कोणीही काहीही कबूल करू नये. केलेच, तर ते मला मान्य नाही, आणि सत्या, तुझ्यावर ते बंधनकारक नाही. दर्भाचा कावळा करून शिववावा आणि उन्हाच्या आत जेवायला घरी जावे. माझा जीव कशातही अडकलेला नाही. तू तुझ्या पेशंटकडे परत जा. हीच तुझी वाटणी.

कलम सातवे. जालिंदरला मी काही ठेवलेले नाही. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीला जालिंदरच हवे आहेत. घाटावर सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असतो.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, माझे मला पटले.

मुक्काम नेवासा, ६ नोव्हेंबर २०२५

(सही) काकासाहेब कारभारी तुवर

आमच्या समोर त्यांनी सही केली, त्यांच्या समोर आम्ही:

१. (सही) डॉ. हेमचंद्र गोविंद मुळे, राहणार भिंगार

२. (सही) जालिंदर रामभाऊ औटी, राहणार पारनेर. सहावं कलम मला दोनदा वाचून दाखवलं. दाजी, तुमी सांगितलं म्हनून मी त्या दिवशी लांब बसंन आन् तोंड उघडनार न्हाई. सत्या रडाया लागली तर तिला पानी देईन, येवढी परवानगी असावी.

परवानगी आहे. का. का. तुवर