रूपाची शेड

कामतघर, भिवंडी

प्रिय रूपा,

गेल्या महिन्यात मी तुला दिलेली फाउंडेशनची बाटली चुकीची आहे. ती लावू नकोस. तुझ्या मेघालीचं लग्न आठवड्यावर आलंय आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि माझं बोलणं तुझ्याआधी तुझी जाऊ मैना ऐकते. म्हणून हे पत्र. दार लावून वाच.

चूक कशी झाली तेही सांगते. तू दुकानात यायला तयार नव्हतीस. कोड झाकायचंय म्हटल्यावर काउंटरवरची पोरगी कसं तोंड करेल, हे तुला न जाताच पाठ होतं. मग मंडईजवळच्या दुकानात मी गेले. पोरगी म्हणाली, "आंटी, आपके लिए?" मी म्हटलं, हो, माझ्यासाठीच. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "फिर ये वाला मत लो, आप पे राख जैसा दिखेगा." पोरगी हुशार आहे. गोरं दिसायचंय का, असं तिने एकदाही विचारलं नाही. तिच्याकडून जेवढ्या गव्हाळ आणि सावळ्या शेड मिळाल्या तेवढ्या मी पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्यांवर लावून घेतल्या. त्या वाळू दिल्या, कारण वाळल्यावर रंग थोडा गडद होतो, आणि मगच त्या घेऊन शेलार गावात तुझ्याकडे आले. तुला मागच्या अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि कानाखाली, जबड्याच्या कडेला, जिथे तुझी मूळ कातडी शिल्लक आहे, तिथे एकेक पट्टी धरली. शेड चेहऱ्यावर बघायची नसते, गळा आणि चेहरा जिथे मिळतात तिथे बघायची असते. एक पट्टी मला बरोबर वाटली आणि मी "हीच" म्हटलं. तू काही विचारलं नाहीस. नारपोलीच्या रंगाईच्या कारखान्यात मी जन्मभर लॅबमध्ये बसून शेड जुळवल्या. मी मान हलवल्याशिवाय मालाचा टेम्पो हलत नसे. त्या डोळ्यांवर तुझा विश्वास होता, माझाही होता.

मग उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा समोर नर्स उभी होती आणि तिच्यामागे औषधांचा निळा ट्रे होता. रूपा, मी त्या ट्रेकडे बघतच राहिले. नर्सला वाटलं मला चक्कर येतेय. तिला काय सांगू, की एवढा निळा रंग मी कितीतरी वर्षांत पाहिलाच नव्हता, आणि पाहिला नाही हेही मला ठाऊक नव्हतं. घरी येताना रिक्षात मी बाहेरच बघत होते. हितेश दोनदा म्हणाला, आई, दुखतंय का? दुखत काही नव्हतं. बाहेर पोत्यांचे ढीग, रस्त्यावरची धूळ, पाण्याच्या टँकरवरचं वंगण, सगळ्याला आपापला रंग होता. भिवंडीत कुणी रंग बघायला येत नाही. मला मात्र त्या दिवशी पापणी मिटवत नव्हती.

घरी आल्यावर कपाटातली माझी सायीच्या रंगाची साडी काढली. ती पांढरी निघाली. दूधपांढरी. मी डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला. डाव्या डोळ्याने बघितलं की कुणीतरी सगळ्या घरावर चहाचं पाणी शिंपडल्यासारखं, आणि उजव्याने बघितलं की धुऊन वाळत घातल्यासारखं. एकच भिंत, दोन रंग. दिवसभर मी हेच करत बसले. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, व्यायाम न्हाय." तिला हसू दे. इतकी वर्षं मला वाटत होतं की रंग वस्तूत असतो आणि आपण तो फक्त वाचतो.

मग तुझ्या पट्ट्या आठवल्या. त्या माझ्या ड्रॉवरमध्येच होत्या. मी निवडलेली पट्टी खिडकीशी धरली. रूपा, ती पिवळी आहे. सरळ पिवळी. जुन्या डोळ्यासमोर आधीच पिवळा पडदा होता, त्यामुळे ह्या पट्टीचा पिवळेपणा मला दिसलाच नाही. ती लावून तू मांडवात उभी राहिली असतीस, तर कोड झाकलं गेलं असतं आणि कावीळ झाल्यासारखी दिसली असतीस.

त्यानंतर दोन दिवसांनी तू मला बघायला आलीस, वालाच्या शेंगा घेऊन. बघायला आलेल्या माणसाने शेंगा सोलायच्या नसतात, पण तू गॅलरीत बसून सोलायला लागलीस आणि पदर मांडीवर घसरला. तू विचारलंस, "डोळं दुखतान का?" मी तुझ्याकडे बघत होते. कॉलेजपासून बघतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलीस. तुझा सावळा रंग एक नाही. कपाळावर तो भाजलेल्या तांदळासारखा आहे, गालाखाली त्यात तांबूस येतो, गळ्यापाशी किंचित हिरवट. एवढं मिश्रण मला कारखान्यात कुणी करायला दिलं असतं तर मी हात जोडले असते. आणि तुझे डाग पांढरे नाहीत. आम्ही सगळे त्यांना पांढरे म्हणतो. ते गुलाबी आहेत, आत रक्त वाहतं म्हणून. बोटांवर त्यांच्या कडा भरतीच्या पाण्याने वाळूत सोडलेल्या रेघेसारख्या आहेत, एका बोटाची दुसऱ्यासारखी नाही. त्या हातांनी तू दाणा आणि साल वेगळं करत होतीस. मी तुझी समजूत घालत नाहीये. समजूत घालता येत असती तर तीस वर्षांपूर्वीच घातली असती. जे दिसलं ते लिहितेय.

त्याच दिवशी मी, तुला कारण न सांगता, दुसरी शेड निवडली. तुझ्या जबड्याशी नेऊन धरली तेव्हा पट्टीवरचा रंग नाहीसा झाला, नुसतं कापड उरलं. शेड जुळली की असंच होतं, ती दिसत नाही. तू खूश झालीस आणि हात पुढे केलेस. म्हणालीस, "आता यांचं बग. हात झाकले तर मी बसंन कन्यादानाला, न्हाय तर मैनाच बसंल. तिनं सांगितलंय, कोडाच्या हातचं पानी पोरीच्या संसारावर नको." मैनाला मी बीएस्सीला शिकलेलं सगळं तुझ्यासमोर समजावून झालंय, की हे लागत नाही आणि पाण्यातून जात नाही. तिने ऐकून घेतलं आणि मला चहा दिला.

तू गेल्यावर मी तुझी नवी शेड दुकानातून आणून माझ्या स्वतःच्या हातावर लावली. वर पावडर लावली, वाळू दिली. दुकानातल्या पोरगीने पाण्याला टिकेल असं सांगितलं होतं, आणि नुसत्या पाण्याला ती टिकली. पण कन्यादानात नुसतं पाणी नसतं. तू धार सोडणार, ती बापाच्या, महादूभाऊंच्या हातावरून पोरीच्या ओंजळीत जाणार, मग ओल्या हाताने अक्षता, कुंकू, पोरीचा हात धरणं. मी ओल्या पांढऱ्या फडक्याने हात चोळला, कारखान्यात पक्का रंग तपासतात तसा. फडकं तपकिरी झालं. दुसऱ्या कंपनीची आणली, तिचंही तेच. म्हणजे धार सोडता सोडता तुझे हात उघडे पडतील आणि तुझा रंग मेघालीच्या ओंजळीत उतरेल. चेहऱ्यासाठी उपाय आहे. हातांसाठी नाही. हे तुला तोंडावर सांगायचं मला जमलं नाही, म्हणून मी चार दिवस फोन उचलला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. काल मेघाली माझ्याकडे आली होती, एकटीच. तुला सांगू नको म्हणाली, पण मी तिला शब्द दिलेला नाही. तिला वाटत होतं मी तुझ्या हातांसाठी काहीतरी शोधलंय. म्हणाली, मावशी, देऊ नका. लहानपणी जत्रेत बायकांच्या गर्दीत तिला चेहरे दिसायचे नाहीत, उंची पुरायची नाही, दिसायचे ते फक्त हात, आणि तेवढ्या हातांत आईचा हात तिला वर न बघता सापडायचा. कधी चुकला नाही. "लग्नात पण मान खालीच असणार ना," म्हणाली, "मुंडावळ्या समोर. मला हातच दिसतील. ते रंगवलेले असले तर आईचे कुठचे, काकीचे कुठचे, मला कसं कळनार?" होणाऱ्या नवऱ्याला, देवेशला, आणि त्याच्या आईला तिने हे आधीच सांगून टाकलंय. त्याची आई म्हणाली, मग पाणी आईनेच घालावं. रडली नाही पोरगी. चहा प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली. मी दोन्ही डोळ्यांनी दारापर्यंत तिच्याकडे बघत राहिले. रूपा, तू बस. चेहऱ्याला लाव किंवा नको लावूस, तुझी मर्जी. मैना काय बोलायचं ते बोलेल, मी तिच्याशेजारची खुर्ची धरून ठेवते.

तुझीच,
मंदा

महादूभाऊंच्या हाती दिलं: नव्या शेडची एक बाटली, चेहऱ्यासाठी. जुनी बाटली त्यांच्याच हाती परत पाठव. शेंगांची पिशवी धुऊन. हातांसाठी काही दिलेलं नाही.