पडदा आपोआप सरकतो

४ जुलै, गुरुवार

मार्चपासून एक ओळ लिहिली नाही. कुणाची माफी मागायची? वहीचीच मागते. लिहायला बसले असते तर रडले असते, आणि रडायला वेळ नव्हता.

ओस्मारचे हात मार्चमध्ये गेले, आवाज मे महिन्यात. स्नायूंचा रोग. माझ्या थोरल्या भावाचा आता कपाळ आणि डोळे एवढाच भाग हलतो. बंदरावरच्या कचेरीत मी ज्या प्रोग्रामकडून जहाजांचे कागद भरून घेते, तोच त्याच्यासाठी बसवला. हा प्रोग्राम माणसाच्या जागी बसून माऊस हलवतो, बटणं दाबतो. ओस्मारच्या उजव्या डोळ्याच्या कडेला एक सेन्सर चिकटवलाय. पडद्यावर शब्दांची यादी आणि तिच्यावरून उतरणारी पिवळी चौकट. हव्या त्या शब्दावर त्याने कातडी जराशी आक्रसली की तो शब्द निवडला जातो. आक्रसून धरली की यादी खाली सरकते. डोळे थकतात म्हणून अक्षरं प्रचंड केली आहेत, एका वेळी एखाद-दुसरी ओळच मावते. अक्षरं जुळवून लिहिणं त्याला आता झेपत नाही.

आज डॉक्टर काइसेदो आल्या. कोलंबियाच्या आहेत, शब्द तोलून बोलतात. श्वास कमी पडतोय. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही?

"उत्तर त्यांचं हवं, सेन्योरा. तुमचं नको, पत्नीचं नको. आणि पापण्यांचं तर नकोच. या औषधांनी पापण्या आपोआप मिटतात."

पडद्यावर "हो", त्याखाली "नको". चौकट "हो" वर होती. मी स्वतः पाहिली! आणि यादी सरकली. आपोआप! निवडलं गेलं "नको".

"थांबा! पडदा घसरला!" मी ओरडलेच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सोमवारी, पंधराला येते. तोवर दुरुस्त करा. त्या दिवशी जे येईल ते मी लिहिणार."

६ जुलै, शनिवार

सापडलं!! मी समोर बसून माझ्या लॅपटॉपवर त्याचा पडदा बघते. माझा लॅपटॉप जोडला की त्याच्या पडद्यावरचं सगळं सव्वापट फुगतं, पण प्रोग्राम मात्र जुन्याच मापाने मोजतो. चौकट एकीकडे दिसते, माऊसची टिचकी अर्धी ओळ खाली पडते. साधी, मूर्ख चूक. कचेरीत एखाद्या पोराने केली असती तर मी त्याला सोलून काढलं असतं.

माप जुळवलं. डेलियाला मिठी मारली. (ओस्मारची बायको. मिठ्या तिला आवडत नाहीत.)

जेवणानंतर त्याच्यासमोर बसून पुन्हा विचारलं. टिचकी बरोबर त्या जागी पडली. पण त्याआधी यादी सरकली होती.

"नको."

७ जुलै, रविवार

यादीचं ते लोण्यासारखं मऊ सरकणं बंद केलं. माऊसची चाकं काढली, माऊसच काढला. सेन्सर बदलला. पडद्याच्या तळाशी प्रोग्रामला न दिसणाऱ्या ओळी राहतात म्हणून पडदा उभा केला. ओस्मार हे सगळं बघत होता. पूर्वी त्याच्या मोटारीच्या इंजिनात मी डोकं घातलं की असाच बघायचा.

डेलिया त्याच्या शेजारी बसते तेव्हा सगळं सुरळीत. उशी, पाणी, खिडकी लाव — एकही चूक नाही. मी समोर बसले की पडदा सरकतो!

"तुझ्या अंगात वीज आहे," डेलिया म्हणाली. "लग्नातसुद्धा तू आलीस आणि दिवे गेले होते."

लॅपटॉप बंद केला, फोन अंगणात ठेवला, घड्याळ काढलं. मान वाकडी करून त्याच्याच पडद्याकडे बघत समोर बसले. सरकला.

९ जुलै

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. गल्लीत झेंडे. डेलियाने लोक्रो शिजवलं. त्याला नळीतून भरवायचं असतं, तरी तिने मक्याचा आणि डुकराच्या मांसाचा तो वाफाळता वाडगा त्याच्या नाकाशी धरला. "हुंग. फुकट आहे."

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, नाहीतर स्वतःशीच खोटं बोलेन. त्या दिवशी "हो" आलं असतं, तर मी दोष शोधला असता का? नसता शोधला. प्रोग्रामची पाठ थोपटली असती. मी दोष शोधतेय, की हवं ते उत्तर येईपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा विचारतेय? तीनदा विचारलं. तीनदा "नको". त्याचं खरंच "नको" असेल, आणि बहीण मात्र स्क्रू पिळत बसलीय — असं असेल तर?

डेलियाला हे बोलले. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत नाही गं. पण तू थांबू नकोस."

१० जुलै

आज एक आडदांड उपाय केला. सेन्सरकडून लांबलेला ताण आला की प्रोग्रामने त्याकडे दुर्लक्षच करायचं. सरकणंच बंद. यादी दगडासारखी स्थिर!

समोर बसले. "ओस्मार, यंत्र लावायचं?"

चौकट "हो" वरून "नको" वर, पुन्हा "हो" वर. फिरत राहिली. त्याने काही निवडलं नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा. त्याने नजर भिंतीकडे वळवली.

मी काय तोडलं?

११ जुलै

आजही काही नाही. माझ्याकडे बघत नाही.

१२ जुलै, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी परवाचं दुर्लक्ष काढून टाकलं, होतं तसं केलं. समोर बसले. विचारलं. माझे डोळे लॅपटॉपवर. नेहमी पडद्यावरच असतात. यादी सरकलीच. तेवढ्यात डेलिया माटेचा कडू चहा घेऊन आली आणि माझ्या पाठीमागे थबकली. ती पडद्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

"लबाडा!" ती ओरडली. "माझ्या घरात, माझ्या तोंडावर खुणा करतोस?"

"कसल्या खुणा?"

"अगं आंधळे, तो तुला एक्का दाखवतोय!"

मी मान वर केली. त्याच्या भुवया कपाळात चढल्या होत्या. तिथेच ताणून धरलेल्या. खाली डोळ्याच्या कडेची कातडी ओढली गेलेली, आणि तिच्यावर सेन्सर.

ट्रुको. चौघांचा पत्त्यांचा डाव. समोरासमोरचे दोघे एका बाजूचे, आणि हातात काय आलंय ते जोडीदाराला चेहऱ्याने सांगायचं, इतरांची नजर चुकवून. भुवया वर म्हणजे तलवारीचं चित्र असलेला एक्का, सगळ्यांत मोठा पत्ता. डोळे मिटून धरले की हात रिकामा. आई-बाबांना आम्ही दोघांनी याच टेबलावर वर्षानुवर्षं लुटलं. तो या बाजूला, मी त्या. डेलिया आमच्याविरुद्ध खेळायची नाही. "चोरांशी कोण खेळणार?"

मी समोर बसते आणि काहीतरी मोठं विचारते. मग तो काय करणार? मला त्याचा हात दाखवणार! भुवया वर, ताणून. प्रोग्रामला वाटतं, यादी सरकवायची आहे. मग तो "हो" साठी कातडी आक्रसतो, तोवर तिथे "नको" आलेलं असतं. त्याने एक्का दाखवला, आणि माझ्या प्रोग्रामने दरवेळी त्याचा नकार लिहिला. आणि परवा तर मी त्याच्या खुणेकडे दुर्लक्षच करायला शिकवलं! ते त्याने पाहिलं, म्हणून रुसला आणि काही निवडलंच नाही.

सेन्सर उपटून काढला; पडद्यावरचं काही आता मानणार नाही. पण मला माझ्यावरच भरवसा नाही — पुन्हा हवं तेच दिसत असेल तर? म्हणून आधी भलतंच विचारलं.

"आज बुधवार आहे?" डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. पापणी लवणं वेगळं, हे वेगळं.

"मी तुझी बहीण?" भुवया वर.

"डेलियाचं लोक्रो चांगलं होतं?" घट्ट मिटले. डेलियाने फडक्याने त्याच्या पायावर फटका मारला. हसत होती, आणि नाक पुसत होती.

प्रश्न उलटसुलट विचारले. डेलियाला वेगळे विचारायला लावले, मी पाठ फिरवून उभी. एकदाही चुकला नाही.

मग खरा प्रश्न. मला विचारवेना. डेलियाने विचारला, त्याच्या कानाशी वाकून. "म्हाताऱ्या, गळ्याला ते यंत्र लावलं तर राहशील का माझ्याबरोबर?"

भुवया वर. वर. दुखतील इतक्या वर. तो त्या उतरवीचना. मीच शेवटी म्हटलं, "कळलं रे, कळलं. पुरे."

१३ जुलै, शनिवार

डॉक्टर काइसेदोंना फोन केला. सगळं सांगितलं, घाईत, मागचं पुढे करून.

"सेन्योरा, पत्त्यांच्या खुणेवर मी कुणाच्या गळ्याला सुरी लावू शकत नाही."

"तो स्पष्ट सांगतोय, डॉक्टर."

"तुम्हाला सांगतोय. माझ्या गावी हा खेळ नाही. मला तिथे फक्त एक भुवई उडालेली दिसेल."

मी भांडणार होते. पण त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"मग तुम्हाला दिसेल असं काय करू?"

"उद्या माझी सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी येते. पण ते कडू पाणी मला पाजू नका."

उद्या: डॉक्टरांना ओस्मारसमोर बसवून ट्रुको शिकवायचा.