काचेच्या कापडाची होडी

मी, ईश्वरदास रामाजी पराते, वय ६१, निवृत्त मेकॅनिक-शिक्षक, राहणार गोळीबार चौकाजवळ, नागपूर, कोणाच्याही दबावाशिवाय व पूर्ण शुद्धीत ही माझी अखेरची व्यवस्था लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. समुद्रापासून इतक्या दूर, घराच्या अंगणात सहा वर्षे होडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो लागतोच.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी कौसल्या हिला. अंगणही तिचेच. माझ्या होडीपायी तिने सहा उन्हाळे वाळवण शेजारच्या यमुताईंच्या गच्चीवर घातले.

२. हत्यारे शाळेला द्यावीत. रेझिनच्या डब्यात कायमचा चिकटलेला माझा डावा बूट देऊ नये. पोरे विचारतील.

३. होडी, फायबरग्लासची, सन १९६२ ची, एका क्लबाने मोडीत काढलेली, थोरले बंधू बाबनराव यांना. कारण लिहिणे भाग आहे. आम्ही कोष्टी. वडिलांमागे माग दादाने चालवला. मी नोकरीला लागलो आणि माझ्याच लग्नात चारचौघांत बोलून गेलो, की माग चालवायला डोके लागत नाही. त्यानंतर दादा सव्वीस वर्षे माझ्याशी बोलला नाही.

होडीच्या बुडाला काचेचे कापड रेझिनने चिकटवतात. मी डोकेवाला. मी चिकटवले की फुगे यायचे. दोनदा तलावावर नेली, दोनदा बुडाली. शेवटी कौसल्या मला न विचारता दादाला घेऊन आली. त्याने कापड बोटांत धरून पाहिले.

"काहून गा, असं ताणून राहिला? हे कापड होय. आधी उभा धागा पाह्य, मंग ठेव."

सव्वीस वर्षांनंतरचे हे पहिले बोलणे. दिवसभर तो कापड बसवत गेला, मी ब्रश फिरवत गेलो. अंबाझरी तलावात होडी तरंगली. दादा काठावर थांबला, त्याला पोहता येत नाही. मलाही येत नाही, पण मी होडीत बसलो होतो.

४. लग्नातल्या त्या वाक्याबद्दल मी दादाची माफी मागतो. हे कलम माझ्या पश्चात त्याला वाचून दाखवावे.

५. कलम चार रद्द. मसुदा वाचून कौसल्या म्हणाली, "मेल्यावर काहून? भासरे मागच्या गल्लीत जितेजागते बसून राहिले." म्हणून आज सकाळी जाऊन आलो. दादा मागावर होता. मी माफी मागितली. त्याने हात थांबवला नाही.

"खटखटीत आयकू नाही आलं," तो म्हणाला. "जोरानं सांग."

मी जोराने सांगितले. गल्लीतले चारपाच जण दारात आले. मग दादाने माग थांबवला आणि वहिनीला चहा टाकायला सांगितले.

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून, समजून सही केली.

ईश्वरदास रामाजी पराते

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. गोपाळराव नंदनवार
२. यमुताई हेडाऊ

नागपूर, दि. १४ नोव्हेंबर १९८४