मागून दिलेला सूर

५ डिसें., शुक्र. सातारा
शेवटची तालीम झाली. रविवारपासून नाताळचा दौरा. मेढा, पाटण, विटा, शेवटी सांगली. चौदा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. साड्यांना इस्त्री अजून व्हायचीय.

ह्यांनी आजही सूर चढाच दिला. आमच्या चर्चच्या गायनमंडळात पेटी नाही, कीबोर्ड नाही. ह्यांनी 'म्म्' करून सूर द्यायचा, बाकीच्यांनी तो धरून चार आवाजांत सुरुवात करायची, ही एकतीस वर्षांची रीत. ह्यांची सगळी ऐट त्यावर. पण कान गेल्यापासून... (गेले म्हणायचं नाही, 'जरा कमी झालेत' म्हणायचं.) मशीन आणलं ते डबीत. घातलं की म्हणे सगळं पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं.

ईस्टरपासून मी मागून, आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, ओळीतून हळूच खरा सूर देते. सगळे माझा धरतात. ह्यांना कळत नाही. युक्ती विल्सनची. बेस, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज गातो, पलटणीच्या बँडमधला निवृत्त हवालदार. तेव्हा म्हणाला होता, "वैनी, मास्तरांना कळायचं न्हाई, आन् गाणंबी निभावंल." निभावतंय.

७ डिसें., रवि. मेढा
भयंकर गारठा. स्वेटर घालून गायलो, पांढऱ्या साड्या कुणाला दिसल्याच नाहीत. ह्यांचा सूर गगनात. मी खाली आणला. कुणी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, इतके सरावलेत सगळे.

उपासनेनंतर एका म्हातारीने ह्यांचा हात धरला. "मास्तर, तुमी सूर लावला आन् अंगावर काटा आला बगा." परतीच्या वाटेवर ह्यांनी ते मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, ऐकलं हो. जरा तोडूनच बोलले मी. मग वाईट वाटलं.

१० डिसें., बुध. सातारा
रेबेका आली होती. सोप्रानोत, सगळ्यांत वरच्या आवाजात, पुढे उभी राहणारी मुलगी. बँकेतून थेट, डबा हातात. म्हणाली, मावशी, तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर माझं काय होईल? तिला हसू येत होतं, मला नाही. मी म्हटलं, मी आजारी पडत नाही. हे आतून विचारत होते, कोण आलंय? दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून. शेजारच्यांनाही कळलं रेबेका आलीय ते.

ह्यांना सांगून टाकावं असं रोज ठरवते. सकाळी चहाला ठरवते आणि दुपारपर्यंत ते बारगळतं.

१३ डिसें., शनि. पाटण
गाणं बरं झालं. प्रीतिभोजनात मटण फक्कड. ह्यांनी तिथल्या चर्चच्या पाळकांना सूर म्हणजे काय यावर अर्धा तास सांगितलं. "कानावर नाही, सूर छातीत असतो." पाळक मान हलवत होते. विल्सन माझ्याकडे बघत नव्हता, मीही विल्सनकडे नाही.

१४ डिसें., रवि. विटा
व्हायचं ते झालं.

जेवायला ज्यांच्याकडे होतो त्यांचे जावई कोइमतूरला सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात असतात, सुट्टीवर आलेत. उपासनेत पुढच्याच बाकावर बसले होते, आमच्या आल्टोच्या बाजूला. सगळं मोबाइलवर घेतलेलं. जेवण झाल्यावर कौतुकाने ह्यांच्या कानात इअरफोन घातले, आवाज पूर्ण वाढवून. "मास्तर, ऐका की, लय भारी आलंय."

मी ताट उचलत होते. ह्यांचा चेहरा आधी फुलला. मग नुसता थांबला. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. चार वेळा फक्त सुरुवात ऐकली. ह्यांचं 'म्म्'. मग माझं. मग सगळे.

इअरफोन काढून जावयांना दिले, छान आलंय म्हणाले, हात धुवायला गेले. गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. एरवी माझ्याजवळ बसतात. कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो. कुणी गाणं म्हटलं नाही.

१५ डिसें., सोम.
बोलणं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी नाही.

१६ डिसें., मंगळ.
दुपारी विचारलं, "कधीपासून?"
ईस्टरपासून, म्हटलं.
"सगळ्यांना माहीत आहे?"
हो.
"म्हणजे मी नुसता हात हलवायला."
तसं नाही म्हणाले मी. पण तसंच आहे. आणखी काय म्हणणार होते? तुमची लाज राखली म्हणून? ती राखली की घालवली, मलाच आता सांगता येत नाही.

एकतीस वर्षांत ह्या माणसाने मला गाण्यात एकदाही खोटं 'छान' म्हटलेलं नाही. चुकलं तर सगळ्यांसमोर थांबवायचे, बायको असले तरी. आणि मी त्यांना आठ महिने...

१८ डिसें., गुरु.
आज हे नीट बोलले. आवाज चढवला नाही, तेच जड गेलं. म्हणाले, "सांगलीत तू गप्प राहायचंस. मी देईन तोच सूर. फाटला तर फाटू दे, पण माझा फाटू दे." मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

रेबेकाला फोन केला.  ती म्हणाली, मावशी, शेवटच्या कडव्यात मला तेवढ्या वर जाताच येणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. विल्सनलाही सांगितलं. तो म्हणाला, वैनी, हुकूम म्हंजे हुकूम. पण आवाज पडलेला होता.

प्रार्थना केली. काय मागावं ते सुचेना, ह्यांचे कान मागितले. ह्यांचं वय सत्तर, माझी मागणी बघा.

२१ डिसें., रवि. सांगली. संध्याकाळ, परत येऊन
चर्च गच्च. मागे खुर्च्या टाकलेल्या.

ह्यांनी सूर दिला. आजवरचा सर्वात चढा. मी ओठ मिटून उभी. सगळ्यांनी तोच उचलला, हुकूम म्हंजे हुकूम. पहिलं कडवं ओढून नेलं. दुसऱ्यात टेनर गाणारे पुरुष विस्कटले. तिसऱ्यात रेबेकाचा आवाज चिरला, ती थांबली, तिच्या शेजारची थांबली, एकेक तोंड मिटत गेलं. ते ह्यांना ऐकू आलं नसेल, पण दिसलं.

हात खाली घेतला. एकतीस वर्षांत गीत मध्येच कधी थांबवलं नव्हतं. लोक समजले, काहीतरी चुकलं.  ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"सुमन, सूर दे."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. आठ महिने रोज दिलेला सूर, झोपेतून उठवलं तरी देईन असा, आणि गळ्यात नुसती हवा. ह्यांच्या मागे लपून देत होते तेव्हा येत होता. सगळ्यांसमोर, ते माझ्याकडे बघत असताना, माझ्याने दिला गेला नाही. ते थांबले. खूप थांबले. त्यांनी मान हलवून 'दे' म्हटलं, पोराला पाण्यात उतरवताना म्हणतात तसं. तरी नाही.

मग पाळक उठले आणि प्रार्थना सुरू केली. आम्ही डोळे मिटले. बरं वाटलं डोळे मिटायला मिळाले म्हणून.

गाडीत हे माझ्याजवळ बसले. त्याने जास्त रडू आलं.

२३ डिसें., मंगळ. सातारा
करंज्या केल्या. सारण उरलं.

विल्सन येऊन गेला. कीबोर्ड भाड्याने आणायचा का, असं ह्यांना विचारायला आला होता, चहा पिऊन न विचारताच गेला.

मघाशी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "नाताळच्या सकाळी मी देणार नाही. तू देतेस, की गाणंच नको? सांग, तसं पाळकांना कळवतो." मी कढईतून मान वर केली नाही. ऐकूच न आल्यासारखं केलं. ते अजून तिथेच उभे आहेत, मी त्यांच्या शेजारून आतल्या खोलीत येऊन हे लिहितेय.