डावीकडची फुलं

मी, जाईबाई ज्ञानदेव ओव्हाळ, वय बासष्ट, एस.टी.ची सेवानिवृत्त कंडक्टर, राहणार कवठे येमाई, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र कासुर्डी मुक्कामी, माझे चुलतदीर नवनाथ यांच्या पडवीत बसून स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. अक्षर थरथरलं आहे ते भीतीनं, तेव्हा त्यावरून कुणी माझ्या शुद्धीवर शंका घेऊ नये. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. माझे पती बाहेर गाडी पुसत आहेत आणि मी लेकीला पत्र लिहिते आहे असं त्यांना वाटतं.

१. कवठे येमाईचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते पतीनं हयातभर वापरावं, त्यानंतर मुलगा रोहन आणि मुलगी दीक्षा यांनी निम्मं निम्मं घ्यावं. आम्ही दोघं एकाच वेळी गेलो, तर घर सरळ मुलांना जावं. हे एरवी कुणी लिहीत नाही, पण मला तीच भीती आहे. रोहन कारेगावला कंपनीत आहे. त्यानं खोल्या कामगारांना खुशाल भाड्यानं द्याव्यात, फक्त दारातला शेवगा तोडू नये. आम्ही फिरायला निघालो तेव्हा ‘या वयात काय हे,’ म्हणून तो हसला होता. त्याला मी माफ केलेलं नाही, पण म्हणून वाटणीत कमी-जास्त करत नाही.

२. बँकेतली ठेव दोघा मुलांना सारखी. शिवणयंत्र दीक्षाला. ती नर्स आहे, टाके तिला येतातच.

३. तिकिटं टोचायचा माझा जुना पंच घरात भिंतीवर टांगलेला आहे, तो तिथंच राहावा. ‘बाईमाणूस घंटी काय मारणार,’ असं पहिल्या दिवशी साऱ्या स्टँडासमोर म्हणणारे तात्याबा अजून हयात आहेत. माझ्या अंत्यविधीला ते आले तर त्यांना चहा द्यावा आणि पंचाखालच्या खुर्चीत बसवावं.

४. माझ्यामागे तेरावं-बिरावं करू नये. पुण्यानुमोदनाचा साधा कार्यक्रम करावा, भाषणं कमी आणि जेवण पोटभर.

५. गाडी. ती माझ्या ग्रॅच्युइटीतून घेतलेली आणि माझ्याच नावावर आहे. इथं मला सगळं सांगावं लागेल.

एस.टी.त कंडक्टरच्या घंटीशिवाय गाडी हलत नाही. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. माझे पती ड्रायव्हर होते आणि आम्ही नऊ वर्षं एकाच गाडीवर ड्यूटी केली. ती सवय इतकी मुरली आहे, की मी बांगडीनं डॅशबोर्डवर दोन ठोके दिल्याशिवाय हे या गाडीतही पहिला गिअर टाकत नाहीत. गाडी मागं घेताना डाव्या बाजूनं ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायची सवय माझीही सुटलेली नाही.

बावीस वर्षं मी रस्त्यावर काढली, पण रस्ता पाहिला नाही. तिकिटं फाडताना मान कायम खाली, आणि वर केली की लोकांच्या काखा. म्हणून विजयादशमी झाल्यावर हे म्हणाले, ‘चल, तुला फुलं दावतो. थेट साताऱ्याच्या पठारापातूर जाऊ.’ मला फार आनंद झाला. नवी साडी घेतली, ते इथं कबूल करते.

काल सकाळी निघालो. शिरूर, न्हावरा, चौफुला. पावसानं सगळं धुऊन निघालेलं. तुरी पिवळ्या झालेल्या, रस्त्याकडेला तरवड, पुढं झेंडू आणि शेवंतीचे तुकडेच्या तुकडे. हे सारखे विचारत होते, ‘डावीकडं काय हाय गं?’ आणि मी सांगत होते. झेंडू. आता ट्रॅक्टर उभा आहे. आता परत झेंडू, केशरी. मी लाजलेसुद्धा. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला फुलं विचारली नव्हती.

यवतच्या अलीकडं दीक्षाला फोटो पाठवायला म्हणून मी फोनमध्ये डोकं घातलं. दोन मिनिटं गप्प बसले असेन. तेवढ्यात गाडी डावीकडं ओढली गेली आणि धाडकन आवाज झाला. फुलांची पाटी घेतलेली एक म्हातारी बांधावर उडी मारून वाचली. आमचा आरसा मोडला आणि काचेवर सगळा झेंडू सांडला.

‘आवं आबा,’ ती ओरडली, ‘एवढं धडधडीत मानूस दिसंना व्हय तुमास्नी?’

एकतीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिरवलेला हा माणूस खाली मान घालून उभा राहिला.

आज सकाळी मी चहाचा कप मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. ते म्हणाले, ‘चहा कुठाय?’

‘कवापासनं?’ मी विचारलं.

‘दोन वरसं झाली. काचबिंदू हाय. डावा पार गेला.’

‘आन् उजवा?’

‘त्यो बी चाललाय. म्हणून तर आत्ताच निघालो. म्होरल्या सालाला मला तू तरी दिसशील का न्हाई, कुणाला ठावं?’

मला रडू आलं आणि रागही आला. दोन वर्षं मी यांचा डावा डोळा होते आणि मला पत्ता नव्हता. काल मी फुलं सांगत नव्हते, रस्ता सांगत होते.

उद्या भुलेश्वरचा घाट चढायचा असं त्यांनी ठरवलं आहे. ‘तू निस्ती बोलत ऱ्हा, मी चालवतो. आपलं कवा चुकलंय?’ मी मान डोलावली. मग आत येऊन नवनाथभाऊंकडं कागद मागितला. मला मरणाची भीती वाटते. त्या म्हातारीसारखं कुणी आमच्या गाडीखाली येईल याची त्याहून जास्त वाटते. आणि सगळ्यांत जास्त भीती वाटते ती यांना ‘थांबा’ म्हणायची. स्टेअरिंग काढून घेतलं तर हा माणूस उंबऱ्यावर बसून झिजून जाईल.

तरी लिहिते: गाडी माझ्यामागे दीक्षाला द्यावी. ज्ञानदेव यांनी ती चालवू नये.

हे लिहिलं आणि माझंच मला हसू आलं. मृत्युपत्र लागू होतं मेल्यावर. म्हणजे आधी घाटात मरायचं आणि मग त्यांना थांबवायचं. याला वरातीमागून घोडं म्हणतात.

६. हे कलम दुसऱ्या दिवशी सकाळी लिहीत आहे.

साडेसहाला आम्ही गाडीत बसलो. त्यांनी गाडी चालू केली, क्लच दाबला आणि वाट बघत राहिले. मी बांगडीनं एक ठोका दिला आणि हात मांडीवर ठेवला.

‘दुसरा?’

‘न्हाई देनार.’

‘अगं, ऊन व्हायच्या आत घाट...’

‘आवं, मला भ्या वाटतंय,’ मी म्हणाले. ‘लई भ्या वाटतंय. एक घंटी दिलीया मी.’

गाडी तशीच गुरगुरत राहिली. ते समोर बघत होते. मग त्यांनी विचारलं, ‘डावीकडं काय हाय गं?’

डावीकडं नवनाथभाऊंच्या गोठ्याची भिंत होती. फूल एकही नव्हतं.

‘मी हाय,’ मी म्हणाले.

त्यांनी गाडी बंद केली. किल्ली काढून माझ्या बाजूला धरली, पण माझा हात त्यांना सापडेना. मीच त्यांचा हात धरला आणि किल्ली घेतली.

तेव्हा, गाडीबद्दलचं पाचवं कलम माझ्या हयातीतच, आजपासून लागू आहे. दीक्षाला फोन केला आहे. ती आधी ओरडली, मग रडली आणि मग डॉक्टरची वेळ घेतली. आज नवनाथभाऊ आम्हाला पुण्याला नेणार आहेत. आधी डोळ्यांचा दवाखाना, मग पठारावर फुलं उरली तर फुलं. मागच्या सीटवर हे उजव्या खिडकीशी बसतील, मी डाव्या. उजवीकडचं त्यांनी मला सांगायचं, जोवर दिसतं आहे तोवर. त्यापुढं काय, हे मला माहीत नाही. माझी भीती गेलेली नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे आणि यांनाही वाचून दाखवलं आहे. तात्याबांच्या खुर्चीचं त्यांना फार आवडलं.

सह्या झाल्या की मी दोन ठोके देणार आहे.

सही: जाईबाई ज्ञानदेव ओव्हाळ

जाईबाई यांनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: नवनाथ ओव्हाळ, राहणार कासुर्डी, तालुका दौंड
साक्षीदार २: पुतळाबाई नवनाथ ओव्हाळ, राहणार कासुर्डी

ठिकाण: कासुर्डी
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५