सहा जणांचं टेबल

कोडोली,
२१ सप्टेंबर २००८

प्रिय विहीणबाई विमलाताई,

दंडवत. तब्येत बरी असंल. नसली तर माझ्या पत्रानं बिघडली म्हणू नका, ती आधीपासनंच नाजूक हाय. माझी शाळा सातवीपातूर झालीया, तीबी गावातच, त्यामुळं अक्षर बघून नाक मुरडू नका. मजकूर वाचून मुरडायला थोडं नाक शिल्लक ठेवा.

तुमच्या टेबलाची समदी हकीकत सांगायची हाय. नागपंचमीला प्रीती चार दिसांसाठी माहेरी आली आणि पाचव्या दिशी तुमचा फोन आला, की लग्नातलं जेवणाचं टेबल द्यायचं राहिलंय, ते झालं की सुनेला न्हेऊ. लग्नाला तीन वर्षं झाली. ह्या टेबलाची बोली कवा झालती, मला काय आठवत न्हाय, आणि ज्यांना आठवलं असतं ते माझं मालक गणपतराव लग्नाच्या आधीच गेलं. पण तुम्ही म्हणलासा, सुताराच्या घरात लाकडाला काय तोटा. खरं हाय. लोक सोनं गहाण ठेवत्यात, तुम्ही माझीच पोरगी माझ्याच घरात गहाण ठेवलीसा. एवढी हुशारी मला सातवीत कुणी शिकवली न्हाय.

मग तुम्ही स्वतः आलासा, रिक्षा करून, हातात फोटो घिऊन. अमेरिकेत तुमच्या बहिणीच्या पोराकडं असलं टेबल हाय म्हणं, लाकडाच्या भेगंत निळं पाणी गोठल्यागत. आमचा बाळासो, मालकांचा चुलतभाऊ, मालकांच्या मागं कारखाना तोच बघतोय, त्यानं फोटो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणला, हे रेझिन हाय, फायबरच्या मूर्ती करणारं वापरत्यात ते, ओतलं की काचंगत घट्ट हुतंय. कोल्हापुरातला मूर्तीवाला भाऊसो आमच्या ओळखीचा, त्यो ओतून दील. फक्त लाकूड बरोबर निवडाय पायजे. तवा मी म्हणलं, बाभूळ घ्या. तुम्ही असं बघितलंसा जणू मी ताटात शेणी वाढल्या. गाडीचं न् कुळवाचं लाकूड आमच्या घरात न्हाय शिरायचं म्हणलासा, सागवानच पायजे. छत्रीच्या टोकानं बाभळीचा ओंडका ढोसलासा. त्या ओंडक्याला काय झालं न्हाय. छत्रीची काडी वाकली, ती तुम्ही रिक्षात बसताना माझ्यापास्नं लपवलीसा, पण मला दिसली.

तरी मी तुमचा मान राखला. बाळासोनं वीतभर वीतभर फळ्या कापल्या आणि भाऊसोनं प्रत्येकीवर थोडं थोडं रेझिन ओतून आठ दिस ठेवलं. आता निकाल ऐका. सागाला जात्याच तेल असतंय, कुणाला अंगाला चिकटू द्यायचं न्हाय त्याला. आठव्या दिशी नखानं उचललं तर रेझिन दुधावरच्या सायीगत सुटून हातात आलं. बाळासोनं त्या फळीवर खडूनं तुमचं नाव लिहिलं, मी न्हाय. आंबा म्हंजे आमचं व्याही, अप्पा. मऊ माणूस, कुठंबी खिळा मारा, ओरडायचं न्हाय, पण ओल लई धरतोय. रेझिनमधनं नुसतं बुडबुडं, सर्दी झाल्यागत. शिसव म्हंजे आमचं जावई धवलराव. देखणं, जड, पॉलिश मारलं तर तोंड बघून घ्यावं. पण तीन वर्षांत कितीबी ठोका, आतनं आवाज येत न्हाय. राहिली बाभूळ. तिनं रेझिन असं धरलं की भाऊसोनं पटाशीनं उकलायचा प्रयत्न केला, तर लाकूड तुटलं पण जोड सुटला न्हाय.

आता तुम्ही म्हणशीला, तानाबाई चेष्टा करती. करती की. तुमच्या समोर न करता मागं करत्यात समदी, मी निदान पोस्टाचं तिकीट लावून करती. पण एक गोष्ट चेष्टेत न्हाय सांगायची. लग्नात विहिणीच्या पंगतीला तुम्ही चांदीच्या ताटावर बसलतासा, ध्यानात हाय न्हवं? मी तुपाचं भांडं घिऊन पुढं आले, तर तुम्ही ताटावर पालथा हात धरलासा. मला वाटलं, तूप वर्ज्य असंल, डाक्टरनं सांगितलं असंल. मग माझ्या मागनं कुंकवाची बाई आली, तिच्याकडनं तीनदा घेतलंसा. मी भांडं घिऊन माघारी फिरले आणि भटारखान्यात जाऊन हसत बसले, म्हणलं, आमची विहीण तुपातबी सवाशीण बघती. लोकांना वाटलं, बाईला लेकीच्या लग्नाचा आनंद झालाय. हसत्याली बाई कुणाला कळत न्हाय, तेवढं बरं असतंय.

प्रीतीनं तिथलं कधी काय सांगितलं न्हाय. हितं आल्यावर पहिल्या दिशी मी जेवाय बसले, तर ती चुलीपाशी पळी धरून उभी. मी म्हणलं, काय गं, हाटेलात कामाला लागलीस? हसली न्हाय. माझं जेवण झाल्यावर दाराआड उकिडवी बसून ताट मांडीवर घिऊन जेवली, भराभरा, कुणीतरी हाक मारंल अशी. दुसऱ्या दिशीबी तेच. घरात आम्ही दोघीच, कुणाला वाढायची वाट बघती, मला कळंना. लहानपणी ही पोरगी माझ्या ताटातली भाकरी मोडून पळायची. तिला मी हाताला धरून बसवलं, तर बसली, पण घास हातातच. नजर माझ्या ताटाकडं, माझं काय संपलंय ते बघत.

आणि मग अप्पांनी टेबलाचं माप धाडलं. कचेरीत जन्म घालवल्याला माणूस, फूटपट्टीनं आखल्याला कागद, मागल्या बाजूला कसलातरी सरकारी फॉर्म. मधी लांबोडकं टेबल, भोवती सहा चौकोन, चौकोनात नावं. अप्पा. विमला. धवल. धाकटं चिरंजीव. तुमची लेक, ती वर्षातनं दोनदा येती तरी तिचा चौकोन हाय. आणि सहावा चौकोन, त्यात लिहिलंय, पावणं. मी तो कागद चारदा मोजला. मोजता येतंय मला, सातवी झालीया. अजून दारातबी न आल्याल्या पावण्याला तुमच्या घरात खुर्ची हाय, आणि तीन वर्षं नांदत्याली सून त्या कागदावर कुठंच न्हाय. बाळासोला दावला, त्यानं पेन्सिल कानावरनं काढून परत कानावर ठेवली. प्रीतीला दावला. तिनं बघितला, घडी घातली आणि म्हणाली, “बरोबर हाय की आई. मी बसले तर वाढणार कोण?”

विमलाताई, तिनं ते रागानं म्हणलं असतं तर मी तवाच कोल्हापूरला येऊन तुमच्या दारात बोंब मारली असती. पण तिला ते खरंच बरोबर वाटत हुतं. त्या दिसापास्नं माझं हसू जरा कमी झालंय, त्याचं श्रेय तुम्हाला.

तरीबी टेबल केलं. मालकांनी गाडीच्या कण्यासाठी म्हणून बाभळीचं दोन ओंडकं सहा महिनं पाण्यात घालून, मग सावलीला रचून ठेवलं हुतं. पाण्यात मुरली की बाभळीला कीड लागत न्हाय. पुढं गाड्याच बंद झाल्या, आणि लाकूड आठ वर्षं तसंच वाळत पडलं. पावसाळ्यातबी त्यात ओल न्हाय, बाळासोनं चिरलं तर भुस्सा कोरडा उडाला. मधोमध एक मोठी भेग हुती, तिच्यात भाऊसोनं रेझिन ओतलं. निळा रंग मोराच्या मूर्तीतला उरल्याला, त्यो घातला. चार दिस आम्ही कुणाला तिकडं फिरकू दिलं न्हाय, धुरळा बसू ने म्हणून. लई चांगलं झालंय. तुमच्या त्या अमेरिकेतल्या पोराला फोटो धाडा म्हणलं असतं, पण त्याला वाईट वाटंल.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. तुम्ही धाडल्याला टेम्पो सकाळी धाला आला, सामान आणि सूनबाई दोन्ही आणा असा तुमचा निरोप घिऊन. ड्रायव्हर भला माणूस, लांबनं आल्याला, म्हणून म्हणलं पावणं, आधी जेवा. बाळासोनं टेबल सोप्यात आणून ठेवलतं, त्याच्यावरच वाढलं. प्रीतीनं बॅग भरून दारात ठेवली हुती. मी आयुष्यभर बोलतच आलीया, आज म्हणलं, बघू. ती पळी घिऊन ड्रायव्हरच्या मागं उभी राहिली. मग काय झालं ठावं न्हाय, तिनं पळी ठेवली, एक ताट घेतलं आणि त्याच्या समोर बसली. भाकरी मोडली. दोन घास खाल्लं. ड्रायव्हरची आमटी संपली, त्यानं सवयीनं ताट जरा पुढं केलं आणि तिच्याकडं बघितलं. प्रीती चावत हुती ते गिळलं आणि म्हणाली, “पातेलं तुमच्या हातापाशीच हाय की पावणं. घ्या.” त्यानं घेतलं. ती जेवत राहिली, सावकाश, तिसरी भाकरीबी खाल्ली. हात धुतला आणि बॅग उचलून आत न्हेऊन ठेवली. मग मी हा कागद काढला. ड्रायव्हर बाहेर पान खात थांबलाय, ह्याच्याच हातात पत्र देतेय, तिकिटाचं वर लिहिलेलं तेवढं खोटं धरा. टेम्पो रिकामा येतोय.

तुमच्याच वाटणीला आल्याली,
विहीण तानाबाई